मागची सीट

जुलैत कोअर बंद होतं,
जिप्स्या ताडपत्रीखाली जातात.
नेमका तेव्हाच तिकडे सीझन असतो,
हे मला एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं.
दोन फेऱ्यांत त्यांना मी
अस्वलाची विष्ठा तेवढी दाखवू शकले होते.
"मोम्बासाला जा," त्या म्हणाल्या,
"समुद्र पण आहे, आणि चार तासांवर सिंह."
जसं काही मी म्हणणार होते,
बरं, उद्याच निघते.

पण शब्द घरात राहिला.
मिठाच्या बरणीमागे, टॉर्चच्या सेलांसोबत.
भाकर थापताना तोंडात यायचा: मोम्बासा.
दसरूला वाटलं, नव्या बियाण्याचं नाव आहे.

मग एका रात्री त्यानंच गेट-पासाच्या पाठीवर
रेघा मारल्या. विमान. हॉटेल. जिप्सी.
बिस्किटाच्या डब्यात टिपचे पैसे मोजले,
मोहाचे त्यात घातले,
आणि बराच वेळ पेन्सिल कानाला लावून बसला.
"औंदा नाही," म्हणाला. "पुढच्या औंदा.
पण पासपोर्ट काढून ठेवू. तो काही खायले मागत नाही."

शाळेच्या दाखल्यावर मी वच्छला,
आधारवर वत्सला.
दोघींपैकी कोण जाणार ते आधी ठरवा, सेतूवाला म्हणाला.
फोटोसाठी कान उघडे ठेवायला लावले.
पोलीस चौकशीला आला तो चहा पिता पिता विचारतो,
"काहून? इथले वाघ कमी पडले का?"

पिवळ्या तापाची सुई नागपूरला मिळते.
दसरू विचारतो, हळद लागल्यावानी पिवळा का?
मुलगी प्रणोती मोबाइलवरून एकेक शब्द शिकवते.
पोले पोले म्हणजे हळूहळू.
त्याला तेवढा एकच पाठ झाला.
पोळ्याच्या आत पोले पोले वापस येऊ, म्हणतो,
आणि स्वतःच हसत सुटतो.

समुद्र आम्ही दोघांनीही पाहिलेला नाही.
इरईचं धरण पाहिलं आहे, त्याला पलीकडचा काठ आहे.
"याच्या पल्याड काय?" त्यानं नकाशावर बोट ठेवलं.
मी ते बोट निळ्यावरून सरळ ओढत आणलं.
आपलाच किनारा. कोकण.
"म्हणजे तेथं जाऊन आपण इकडंच पाहाचं?
मग रत्नागिरी स्वस्तात पडते."

तिथले हत्ती लाल मातीनं लाल असतात म्हणे.
ते पाहायचे आहेतच.
पण खरं सांगू, दसरूलाही सांगितलं नाही:
मला मागच्या सीटवर बसायचं आहे.
एकोणीस वर्षं मी पुढे बसले, मान वळवून,
चितळ ओरडलं की हात वर, गाडी बंद.
तिथं कुठलंसं जनावर ओरडेल
आणि मला कळणार नाही
ते भ्यालं आहे, की जोडीदाराला हाक मारतं आहे.
अख्खं जंगल समोर, आणि मी अंगठाबहाद्दर.
पुढे बसलेली कुणी बाई हात वर करेल.
मी गप्प बसेन.
सिंह नाही दिसला तर घड्याळ पाहणार नाही.
पैसे वसूल झाले नाहीत, असं
तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात
नवऱ्याशी बोलणार नाही.
फार तर विचारेन,
बाई, तुमच्याकडं पावसाळ्यात काय करता?

पहाटे साडेपाचला गेट.
सहा जणांचं कुटुंब, टोप्या नव्या, थर्मास मोठा.
फाटक उघडायच्या आधीच मागून आवाज येतो,
"टायगर दिखेगा ना, दीदी?"
रोज मी रस्त्याकडेच पाहत म्हणते, देखते हैं.
आज वळले.
विचारणारी म्हातारी होती.
तिच्या मांडीवर दुर्बीण होती,
डोळ्याला उलटी लावून बघत होती बिचारी,
आणि मी तिला एवढीशी दिसत असणार,
फार लांब, दुसऱ्याच कुठल्या देशात.