वतीव

सोमवारी उद्यमनगर बंद असतं.
आज मंगळवार, तरी सकाळपासून शेडमधून
नुसता वाळू चाळल्याचा आवाज.

मालकांचा निरोप टेबलावर, जुन्या बिलाच्या पाठीवर :
'पुण्याची पार्टी हसते. वतीव काढा, ओतीव घाला. सगळीकडे.'

सगळीकडे म्हणजे दोनशे चौदा फाइली.
एका साच्याला एक.
बापू मगदुमांनी एका बोटानं टाइप केलेल्या,
चष्मा कपाळावर, जिभेचं टोक दातांत.
बापूंना माउस कधी पटला नाही.
म्हणायचे, ह्याला शेपूट हाय, अक्कल न्हाई.
म्हणून हा काळा एडिटर :
मेनू नाही, बटण नाही,
अपूर्णविराम दाबायचा
आणि काय पाहिजे ते तोंडानं मागायचं.

मी यादी मागितली.
साचा-००१, साचा-००२, साचा-००३…
नावं पडद्यावर ओळीनं उतरली, पंगतीला बसल्यासारखी.
मी ज्या फाइलीत होते तेवढंच नाव चौकटी कंसात,
बाकीची मोकळी.

हुकूम दिला : यादीभर फीर,
'वत' दिसेल तिथं 'ओत' कर.
पहिल्याच फाइलीवर अडला.
शेवटचा बदल जतन केलेला नाही, पुढं जाणार नाही.
म्हैस पाणंदीच्या तोंडाशी पाय रोवते, तसा.
चिडून वर बघितलं तर
पावतीची पाओती झालेली,
आणि गुऱ्हाळाच्या चरकाचं जुनं गिऱ्हाईक,
वडणग्याचे भागवत,
भागओत होऊन बसलेले.

एकदा यू दाबला.
भागवत परत माणसात आले.
अडला नसता तर
दोनशे चौदा फाइलींत मी काय काय ओतून ठेवलं असतं.

मग घाई सोडली.
शब्दाच्या सुरुवातीचाच 'वत' धरायचा, असं नीट सांगितलं
आणि एकेक. बदल, जतन, पुढची.
बदल, जतन, पुढची.
पंपाचं झाकण. पुलीचं चाक.
मोटेच्या काळातला एक कणा, जो आता कुणी मागत नाही
पण यादीत आहे.
चहा आला, साय धरून गार झाला.

अठ्ठ्याऐंशीवी.
चरकाचा गिअर, चव्वेचाळीस दाती.
वजनाच्या आकड्यांखाली, जिथं काहीच लिहायचं नसतं तिथं :
'ह्यो हवा धरतो. डाव्या अंगानं वता, दमानं.
सुशिलाच्या लग्नादिवशी चार फुटले. कुणाला बोललो न्हाई.'

बदल झाला होता.
डाव्या अंगानं ओता, दमानं.
मी मोठ्यानं वाचून बघितलं.
कुणीतरी फोनवरून, पंख्याखाली बसून
सांगितल्यासारखं वाटलं.

यू.

मग आणखी एक हुकूम, जो मालकांनी दिला नव्हता :
ही फाइल यादीतून काढ.
यादीतून काढलं म्हणजे पुसलं नव्हे.
ती होती तिथंच राहते, डिस्कवर, आपल्या जागी,
फक्त पुढून कुणी सगळ्यांना म्हणून हाक मारली
तर तिला ऐकू जात नाही.

दोनशे तेरा.
मालक मोजत नाहीत. पार्टी तर नाहीच.

चारच्या सुमाराला दारात दस्तगीर,
भुवयांवर काजळी, हातमोजा एकच.
'ताई, लोखंड तयार हाय. वतायचं का?'
कुठला साचा, मी विचारलं.
'चव्वेचाळीस दाती.'
डाव्या अंगानं, मी म्हटलं.
माझ्याकडं त्यानं असं बघितलं
की मी त्याला पंचगंगा कुठनं वाहते ते सांगतेय.
'म्हाईत हाय की,' म्हणाला, आणि गेला.

शेडमधला आवाज थांबला.
अपूर्णविरामापुढं कर्सर लुकलुकत होता.
अजून एकाहत्तर बाकी.