तिकीट बंद करण्याआधी

तक्रार अशी होती:
चौथीच्या वर्गातला फळा आपोआप लिहितो.
कुणी हात लावत नाही, तरी रेघा उमटतात,
तिरक्या, लाल.
खाली मिसेस ब्लँचर्डची टीप:
मुलांनी त्याचं नाव नाइजल ठेवलंय. जमेल तेवढ्या लवकर या.

मी ग्रिम्सबीला तीनदा गेले.

पहिल्यांदा फर्मवेअर बदललं, काच पुसली,
चारही कोपऱ्यांवर बोट टेकवून
फळ्याला त्याचं अंग पुन्हा ओळखायला लावलं.
डॉक्टर आल्यावर ताप उतरलेल्या पोरासारखा
फळा शहाणा होऊन बसला.
व्हॅन गावाबाहेर पडते न पडते तोच फोन:
नाइजल परत आलाय.

दुसऱ्यांदा नेटवर्कवर संशय घेतला.
घरात काही हरवलं की मोलकरणीवर घेतात,
तसा आमच्या धंद्यात नेटवर्कवर.
स्विच कपाटात होता. शेजारी बादली, मॉप,
आणि नाताळच्या नाटकातली गाढवाची मुंडी.
गाढवाच्या नजरेखाली केबल बदलली, पोर्ट बदललं,
फळ्यांसाठी वेगळं जाळं विणलं
म्हणजे ऑफिसातल्या प्रिंटरची कटकट इकडे नको.
मग एकेका फळ्याला कायमचा पत्ता दिला.
चौथीचा शेवटचा आकडा चोवीस.
वीज जावो, राउटर बदलो,
जागा झाल्यावर तो चोवीसच असेल.
टाइप करताना हसू आलं.
सहा वर्षांत माझे पाच पत्ते झाले,
सांगलीच्या बँकेची पत्रं अजून
लिंकनमधल्या जुन्या घरमालकाच्या दारात पडतात,
आणि मी भिंतीवरच्या काचेला
कायमचं राहायला जागा देतेय.

ट्रेव्हर म्हणाला, पॅनल बदल, विषय संपव.
बाराशे पौंड.
त्या महिन्यात शाळेचं छत गळत होतं.
मी म्हटलं, एकदा नुसती बसून बघते.

तिसऱ्यांदा शिडी आणली नाही.
मागच्या बुटक्या खुर्चीत, गुडघे हनुवटीशी घेऊन बसले.
अपूर्णांक चालले होते.
दहाला दहा कमी असताना
बंदरावरचा ढग जरासा फाटला
आणि फेब्रुवारीतलं ऊन,
इथे न कळवता येणारं, चहालाही न थांबणारं,
इतकं खालून आलं
की क्रेनच्या पायांमधून वाकून
थेट फळ्याच्या चौकटीवर.
तीन छेद आठवर लाल रेघ उमटली.

"नाइजल!" अख्खा वर्ग उभा.

चौकटीत बारीक डोळे असतात,
न दिसणाऱ्या उजेडाचे धागे इकडून तिकडे ताणलेले.
बोट मधे आलं की धागा तुटतो, फळा म्हणतो: स्पर्श.
ऊन डोळ्यांत गेलं की त्याला काही दिसत नाही
आणि न दिसणं म्हणजेही
त्याच्या लेखी कुणीतरी हात लावणं.
एवढंच होतं.

उठले, पडदा ओढला.
रेघ अर्ध्यावर थांबली.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.
सप्टेंबरात लिथुआनियाहून आलेला डोमिनिकास,
वर्गात जो अजून तोंड उघडत नाही असं बाई म्हणाल्या होत्या,
माझ्याजवळ आला आणि हळूच:
तो आता कुठे गेला?

उत्तर माहीत होतं. सेन्सर, कोन, सूर्याची उंची;
फॉर्मवर तेच लिहायचं होतं.
मी पडद्याची कड त्याच्या हातात दिली.
त्यानं ती बोटभर सरकवली.
फळ्यावर एक ठिपका आला, थरथरला,
डोमिनिकास त्याच्याशी
मला न कळणाऱ्या भाषेत काहीतरी बोलला,
बरंच बोलला.
मिसेस ब्लँचर्डनी खडूच्या काळातल्यासारखे
हात एप्रनला पुसले. एप्रन नव्हता.

संध्याकाळी व्हॅनमध्ये लिहिलं:
कारण, ऊन. उपाय, पडदा.
मार्चपासून सूर्य छतावर चढेल, तक्रार आपोआप मिटेल.
नोव्हेंबरात पुन्हा बघावं.
स्थिती: बंद.

पुढचं तिकीट इमिंगहॅमचं.
चित्र येतं, आवाज येत नाही.