विषय क्रमांक सात आणि आठ

ड्राय फोर्क, आयडाहो. मंगळवार, संध्याकाळचे साडेसहा.
जुन्या अग्निशमन केंद्रात आता नगरपालिका बसते.
भिंतींना अजून डिझेलचा वास,
आणि बंब जिथून बाहेर पडायचा त्या दाराशी,
जिथून वारा आत शिरतो, तिथे माझं टेबल.
मी कारकून. अकरा वर्षं इतिवृत्त लिहितेय.
कोण काय म्हणालं ते लिहायचं,
कसं म्हणालं ते लिहायचं नाही.

एरवी सभेला चार माणसं येतात,
त्यातली दोन, हीटर चांगला आहे म्हणून.
आज चर्चमधून खुर्च्या मागवाव्या लागल्या.
विषय क्रमांक सात: परसात कोंबडा पाळावा की नाही.

रेलीन डुफ्रेन आधी उठली,
इस्पितळाच्या धुलाईघरातला निळा अंगरखा अंगावर तसाच.
"एकला कामावरून येते, दोनला डोळा लागतो,
अडीचला तो ओरडतो. अडीचला!
पहाटेचा अजून पत्तासुद्धा नसतो."
कुणीतरी हसलं. ती हसली नाही.
मग तिनं फोनवर ते आरवणं ऐकवलं
आणि मागच्या रांगेतल्या सफरचंदांच्या खोक्यातून
खुद्द आरोपीनं उत्तर दिलं.

खोकं मायते उगाल्देच्या मांडीवर. वय अकरा.
कोंबड्याचं नाव डेप्युटी.
ओळीखाली बोट धरून तिनं कागद वाचला:
त्याचं वजन, त्याचं खाणं,
दाणा सापडला की तो आधी कोंबड्यांना हाक मारतो
आणि मग उरलंसुरलं स्वतः टिपतो.
शेवटचं वाक्य कागदावर नव्हतं.
"त्याला घड्याळ कळत नाही. त्याला उजेड कळतो."
मी ते लिहून घेतलं. का, ते तेव्हा ठाऊक नव्हतं.

पाऊण तास. कुणी डेसिबल काढले, कुणी राज्यघटना,
कुणी शेजाऱ्याच्या कुत्र्याचा सात वर्षांचा हिशेब.
महापौर क्रँट्झनी हातोडी आपटली,
प्रत्येक ठोक्याला डेप्युटीनं अनुमोदन दिलं.
अखेर ठरलं, तीन विरुद्ध दोन:
घरटी एक कोंबडा, पंधरा डॉलरचा परवाना,
आणि रात्री दहा ते सकाळी सात
त्याला अंधाऱ्या खोक्यात झाकून ठेवणं बंधनकारक.
कोंबडं झाकल्यानं काय व्हायचं राहत नाही,
हे मी तुम्हाला सांगायला नको.

विषय क्रमांक आठ: नगराची आर्थिक स्थिती.
खुर्च्या सरकल्या. बाहेर गाड्या सुरू झाल्या.
खजिनदार वेंडेल स्ट्राउड यांनी चष्मा पुसून वर पाहिलं तेव्हा
समोर मायते होती, कारण वडील न्यायला यायचे होते,
आणि रेलीन, कारण ती खुर्चीतच झोपली होती.
तरी ते भरल्या सभागृहाला सांगावं तसं सांगत राहिले:
दोन लाख चौदा हजारांची तूट.
आल्डर रस्त्याखालची जलवाहिनी आजोबांच्या काळातली.
पोहण्याचा तलाव याही उन्हाळ्यात कोरडा.
राखीव निधीत हात घातला की आता तळ लागतो.
गावात कोंबडे एकोणीस, गुणिले पंधरा,
त्यांनी समासात मांडलं
आणि उत्तर मोठ्यानं वाचलं नाही.

मग चार मिनिटांत, एकमतानं:
रस्त्यावरचे दिवे, एकाआड एक, मध्यरात्रीनंतर बंद.
जोडपत्रात खांबांचे क्रमांक होते.
सदतीस: उगाल्देंच्या कुंपणाला लागून,
खुराड्यावर थेट.
माझं पेन थांबलं. मी वर पाहिलं.
कुणीच वर पाहत नव्हतं.

पुढच्या महिन्यात रेलीन पाणीपट्टी भरायला आली.
चेहरा उतरलेला नव्हता. "पोरगी शब्दाची पक्की हं," म्हणाली.
मायते आली पंधरा डॉलर घेऊन, सगळी नाणी.
खिडकीशी टाचा उंचावून हळूच म्हणाली,
"खोक्यात मावत नाही तो. मी झाकतच नाही.
तरी गप्प असतो."
मी नाणी मोजली. पावती दिली.

काल ताळेबंद जुळवताना मध्यरात्र उलटली.
चालत घरी निघाले. आल्डर रस्त्यावर
गाव कधी नव्हे इतकं शांत,
आणि अंधारात, मला कळायच्या आत,
घोट्यापर्यंत पाणी.