लसणाची कॉफी

दोन वाजून दहा मिनिटांनी फ्रीज गप्प झाला
आणि मला जाग आली.
लोक आवाजानं उठतात म्हणे;
मी उद्यमनगरातला टर्नर,
मशीन थांबलं की माझी झोप मोडते.

खिडकीतनं बघितलं : शिकलगारांचं घर काळं,
कोपऱ्यावरची डेअरी काळी,
टेंबलाईच्या बाजूला एक दिवा तेवढा
कुणाच्या तरी इन्व्हर्टरच्या जिवावर.

मोबाईल चार टक्के.
उताणा ठेवला, टॉर्चवर पाण्याचा ग्लास.
ओट्यापुरता उजेड झाला, पेजेसारखा.
तीनला तोही गेला. मग गॅसची निळी ज्योत.

कल्पलता सातला येणार, रात्रपाळी संपवून.
आल्या आल्या तिला कॉफी लागते. चहा नाही.
अख्ख्या गल्लीत ती एकटीच कॉफीवाली;
माहेर धारवाडचं, म्हणून गल्लीनं माफ केलंय.

कॉफी होती, पण बियांची.
तिच्या भावानं चिकमंगळूरहून आणलेली,
डब्यात खुळखुळणारी.
आणि मिक्सर म्हणजे आता
झाकण असलेलं एक भांडं. तरी बटण दाबून बघितलं.

बरं, आधी फ्रीज.
म्हशीचं दीड लिटर दूध तापवून टाकलं.
इडलीचं पीठ पातेल्याच्या काठाशी येऊन
बाहेर डोकावत होतं, त्याला म्हटलं थांब.
फ्रीजरमधलं अर्धा किलो मटण घामाघूम.
हळद-मीठ लावून चढवलं,
पहाटे चारला,
काकड आरतीच्या वेळी आमच्या घरातनं मटणाचा वास.
अंबाबाई समजून घेईल.

मोटर बंद, नळ कोरडा.
कळशीत दोन तांबे.
एक कॉफीला, एक तिच्या हातापायांना.
खलबत्ता धुवायला काही उरलं नाही.

खलबत्ता लोखंडी, माझ्याच हातचा,
भंगारातल्या शाफ्टमधनं लेथवर काढलेला.
वीस वर्षं त्यात लसूण नि तिखट, दुसरं काही नाही.
कोरड्या फडक्यानं पुसला, वास घेतला,
परत पुसला.
काय फरक पडला नाही.

पहिली बी उडून देव्हाऱ्यात गेली.
मग कळलं, एका हातानं तोंड झाकायचं
आणि बत्ता हाणायचा नाही, सोडायचा.
लेथवर दोन थाऊचा फरक बोटाला कळतो मला;
इथं एक दाणा मोहरीएवढा, एक गव्हाएवढा,
बाकीचं पीठ.

समोरनं शिकलगार चाचा ओरडले,
"काय भावा, रात्रीचं काय ठोकतोयस?"
"कॉफी."
बराच वेळ गेला.
मग म्हणाले, "बरं, ठोक."

सात वीसला ती आली.
चपला काढल्या, पिशवी खांद्यालाच.
फडक्यातनं गाळलेली कॉफी दिली स्टीलच्या पेल्यात.
एक घोट. थांबली.
"ह्यात लसूण आहे."
"आहे थोडा."
दुसरा घोट, डाव्या हातानं.
उजवा मांडीवर तसाच, बोटं अर्धी मिटलेली
कशाभोवती तरी.

"आमच्याकडंही गेली होती," म्हणाली.
"जनरेटर धरेना. नऊ मिनिटं.
पाच नंबरच्या बाळाला अंबू दाबत होते.
दाब, सोड. दाब, सोड.
मोठ्यानं मोजत होते,
अंधारात त्याच्या आईला ऐकू जावं
की कुणीतरी मोजतंय."

मी विचारलं नाही.
तिनंच सांगितलं, "आहे. बरं आहे."
आणि पेला पुढं केला, अजून आहे का म्हणून.

तेवढ्यात लाईट आली.
पंखा, टीव्हीचा लाल ठिपका, फ्रीजला एक उचकी,
आणि मिक्सर, बटण दाबलेलं तसंच राहिलेला,
रिकामाच फिरायला लागला बोंबलत.

दोघांपैकी कुणी लगेच उठलं नाही.
पेल्याच्या तळाला भुकटी राहिली होती बरीच.
ती उजव्या हाताच्या बोटानं काढून
चाखत म्हणाली,
"तिखट पण आहे."