बोललं का?

ढगाळ दिवशी आई गोळ्या करायची नाही.
दमट हवेत साखर घाम सोडते, म्हणायची.
कोरड्या थंडीची वाट बघायची,
उत्तर कॅरोलायनाच्या डोंगरातल्या जानेवारीची,
जेव्हा मागच्या दारातल्या बादलीवर बर्फाची साय धरते
आणि गिरणीचा एकच भोंगा दरीत दोनदा ऐकू येतो.

तिला एकदाही नाही.

सोळा वर्षं साचेखात्यात,
दोनशे साचे एकदम धडधडणारे.
तिथल्या बायका ओठांवरून बोलणं वाचायच्या
आणि घरी आल्या की ओरडून मीठ मागायच्या.
आईचे कान कधी गेले, कुणी टिपून ठेवलं नाही.
आधी घड्याळ गेलं, मग पाखरं,
मग मी,
पाठमोरी असताना.

साखर, मक्याचा पाक, पाणी.
ढवळायचं नाही, ढवळलं की रवाळ होतं.
एकतारी जाते, दोनतारी जाते,
गोळीबंदही मागे पडतो,
बुडबुडे आधी घाईचे, मग जड, मग आळशी,
आणि मग चमच्याच्या टोकावरून एक धागा
इनॅमलच्या वाडग्यात, गार पाण्यात.
तिथं तो तडकला पाहिजे.
काचेवर नख वाजावं, एवढाच आवाज.
आई माझ्याकडे बघायची:
"बोललं का, वेल्डा?"

त्या एका शब्दापुरती मी घरात सगळ्यांत मोठी.
मी हो म्हटलं की पातेलं उतरायचं,
दालचिनीच्या तेलाची वाफ डोळ्यांत घुसायची,
सगळे खोकायचे,
पिंजणखात्यातले बाबा तर तसेही खोकायचेच.
लोणी लावलेल्या परातीत लाल तळं,
आणि मग कात्र्या.
कडेची काच होते तेव्हा मधलं अजून वाहत असतं.
कडेकडून पट्ट्या, पट्टीचे तुकडे,
बोटं पोळत, फुंकत, पिठीसाखरेत घोळवत.
त्या दहा मिनिटांत
आम्ही सगळेच बहिरे.

अकराव्या वर्षी मी खोटं बोलले.
बाहेर डार्ल पत्र्याची घसरगाडी घेऊन उभा
आणि उतारावरचं बर्फ दुपारपर्यंतच टिकणार होतं.
धागा पाण्यात पडला,
ओल्या सुतासारखा वाकला. गप्प.
"बोललं," मी म्हटलं.

आईनं माझ्या ओठांकडे पाहिलं,
जरा जास्तच वेळ.
मग पातेलं उतरवलं.

तो हिवाळा चिकटला.
कागदाला, डब्याला, बाबांच्या कोटाच्या अस्तराला.
प्रेस्नेलबाईंची वरची कवळी
चर्चमध्ये, ऐन प्रार्थनेत, गोळीसकट हातात आली.
कुणी विचारलं की आई मोठ्यानं सांगायची,
"हवा दमट होती."
त्या महिन्यात एक ढग आला नव्हता.

आता माझ्याकडे काचेचा तापमापक आहे.
तीनशेला लाल रेघ, चुकत नाही.
तरी वाडगा काढते. काठाला टवका उडालेला,
तिचाच.
काल धागा सोडताना डावा हात कुठं ठेवावा कळेना,
आणि तो आपोआप वाडग्याच्या काठावर गेला,
दोन बोटं, अशी,
जशी ती ठेवायची.
कुठल्याही आवाजाआधी
बोटांना कळलं.
बारीक, टोचल्यासारखं. टक्.

पुन्हा सोडला धागा. पुन्हा.

मग दर खेपेला मला
कशाला...

पाक करपला तेव्हा भानावर आले.
तरी ओतला, तरी कापला,
तपकिरी, धुरकट, कडू.
धाकट्या रॉयसनं एक गोळी तोंडात टाकली,
डोळे बारीक केले, कसाबसा गिळला रस,
म्हणाला, "छान झालीय, आजी."

मी त्याच्या ओठांकडे पाहिलं.
आणि दुसरी दिली.