काळी वडी

फेब्रुवारीत केमीची खाडी पायी ओलांडता येते.
आर्मास केत्तुनेन तशीच येतो, काठी टेकत.
बेचाळीस वर्षं बर्फफोड्या जहाजावर आचारी होता,
रस्त्यांवर त्याचा फारसा विश्वास नाही.

आज औषधाच्या काउंटरशी आला आणि म्हणाला,
"बर्फ पिवळा दिसतोय."
मागे उभ्या दोन मुली फिसकन हसल्या.
"कुत्र्याने केलेला नाही," तो म्हणाला. "सगळाच.
खाडी, छपरं, तुझा हा कोटसुद्धा.
दिव्यांभोवती कडी दिसतात.
आणि माशाचं कालवण पुढ्यात आलं की पोटात ढवळतं."

काविळीच्या माणसाला जग पिवळं दिसतं म्हणतात,
पण त्याच्या डोळ्यांतलं पांढरं पांढरंच होतं.
मी त्याची यादी उघडली.
गोळ्यांची यादी मी नेहमी उलटी वाचते,
शेवटच्या गोळीपासून पहिलीकडे;
कोण कुणाच्या पाठीवर आली ते कळतं.

थोरली डिजॉक्सिन, हृदयासाठी. जुनी, चिमुकली, हट्टी,
तिच्यातल्या औषधात आणि विषात
नखाएवढं अंतर.
तिच्या पाठीवर रक्तदाबाची.
मग घोटे सुजले, म्हणून लघवीची.
दाब तरी हटेना, म्हणून तीच दुप्पट.
प्रत्येक डॉक्टरने आपापल्या दाराची कडी नीट लावली होती.
घरात वारा होताच.

लघवीवाटे पाणी जातं, पाण्यासोबत पोटॅशियम,
आणि हृदयाच्या पेशीवर त्याची जागा रिकामी झाली
की डिजॉक्सिन पाय पसरून बसतं.
मात्रा तीच. डबीवरचं लेबल तेच.
माणूस तेवढा बदललेला.

इथवर पुस्तकात आहे.
पण मुळात दाब का चढला?
"आर्मास, खातोस काय?"
"नेहमीचंच. बटाटे, राईचा पाव, मासे."
"आणि?"
"आणि काही नाही."
त्याच्या डाव्या गालात काहीतरी हललं.

कोटाच्या खिशातून चपटी डबी निघाली,
कडा घासून घासून उघड्या पडलेली.
आत काळ्या वड्या: ज्येष्ठमधाचा अर्क, नवसागर.
आमच्याकडे पोरंसोरं चघळतात. मीही.
"ऐलीने सुरू केलं," तो म्हणाला.
"सिगारेट ओढावीशी वाटली की एक वडी.
नऊ वर्षं झाली, ओढली नाही.
ती जाऊन चार."
"दिवसाला किती?"
"ओढावीशी वाटेल तितक्या."

ज्येष्ठमध मूत्रपिंडाशी गोडीगुलाबीने बोलतो:
मीठ धरून ठेव, पोटॅशियम सोडून दे.
दाब चढतो, घोटे भरतात.
म्हणजे आम्ही ज्याला आजार म्हणत होतो
ती वडी होती,
आणि वडीवर आम्ही गोळ्या रचत गेलो.

मी आरोग्यकेंद्राला फोन लावला.
रक्त, ईसीजी, आजच. नाही, आत्ता.
टॅक्सी येईपर्यंत तो खुर्चीत बसून राहिला,
डबी मांडीवर, झाकण बंद.
"मग आता ओढावीशी वाटली तर?"
निकोटिनच्या पट्ट्यांची किंमत मला पाठ आहे,
पुदिन्याच्या गोळ्या कुठल्या फडताळात तेही.
बोलले नाही.
ऐलीच्या जागी देता येईल असं काही
माझ्या दुकानात नव्हतं.

एप्रिलमध्ये आला. रस्त्याने, खाडी फुटत होती.
घोट्यांची हाडं पुन्हा दिसू लागलेली,
लघवीची गोळी बंद, डिजॉक्सिन निम्मी.
"बर्फ पांढरा झाला," म्हणाला, "उरलाय तेवढा."
"आणि वड्या?"
त्याने डबी काढून कानाशी हलवली.
एकच होती.
"ही खायची नाही. वाजवायची."

मग त्याने खोकल्याचं औषध मागितलं.
मी बाटली उलटी केली,
चष्मा कपाळावर सारून बारीक अक्षरं वाचली,
आणि ती परत फडताळात ठेवली.
"गरम पाणी पी," म्हटलं.
"बस जरा. मीच आणते."