सोमवारची सुट्टी

सोमवारी उद्यमनगर बंद.
लेथवर ताडपत्री टाकली, हात रॉकेलनं धुतले
आणि शाहूपुरीत मिठारींच्या माडीवर आलो,
चपला जिन्यात काढून.
देवळात जावं तसा नव्हे,
बँकेत कर्ज मागायला जावं तसा.

गादीवर दोन गिटारी निजवलेल्या.
एक झेक देशातली. तो माणूस म्हणे
वर्षाला चाळीसच करतो, एकेकीला नंबर घालतो.
मेपलच्या छातीवर आगीच्या जिभा,
वरून असलं पॉलिश
की मला माझी हनुवटी दिसली, दाढी राहिलेली.
दुसरी खानापूरच्या रानातल्या
कुणा फेलिक्स बार्देस्करची, फणसाच्या लाकडाची.
रंग शेवाळी, असं मिठारी म्हणाले.
खरं सांगायचं तर बशीत रात्रभर राहिलेल्या चटणीचा.
किंमत मात्र बारा हजारांनीच कमी.

या पैशात जुनं मिलिंग मशीन आलं असतं.
शैलजा म्हणाली होती, घे म्हणते ना मी,
फक्त घरी आल्यावर आकडा सांगू नकोस.

मी खिशातून फिलर गेज काढला.
मिठारी हसले नाहीत,
त्यांचे हे उपकार मी विसरणार नाही.
झेक गिटारीच्या पट्ट्या, पहिलीपासून बाविसाव्यापर्यंत,
फरक तीन शतांश.
असा जॉब कुणी तपासायला आणला
तर सही करताना माझा हात कापेल.

या हातानं एकेकाळी
गणपतीचे दहा दिवस ऑर्केस्ट्रात मागच्या रांगेत
उसन्या गिटारीवर रात्री काढल्या.
मग पॉवर प्रेसनं डाव्या हाताची अनामिका
पेरभर कमी केली.
नाव नसलेल्या बोटाचं नुकसान
कुठल्या रजिस्टरात लिहायचं?
विम्यावाल्यानं लिहिलं: किरकोळ.

दीड तास झेक वाजवली.
अँपमधून मध गळत होता.
चटणीला नुसता हात लावून ठेवली,
पाहुण्यांच्या घरच्या काळ्या पोराच्या डोक्यावरून
फिरवतात तसा.
अनवट असतं काहीजणांचं नशीब.

तेवढ्यात लाईट गेली.
पंखा, अँप, खालच्या गल्लीतली पिठाची गिरणी,
सगळं एकदम गप्प.
खिडकीला जाड पडदा.
मिठारी मेणबत्ती शोधायला उठले
आणि अंधारात जी हाताला लागली ती मी मांडीवर घेतली.

अँपशिवाय असली गिटार म्हणजे
भिंतीपलीकडचं कुजबुजणं.
तार छेडली, कानाला फार काही आलं नाही.
बरगडीला आलं.
लाकूड शर्टाच्या बटणापाशी थरथरत होतं,
झोपेत मांजर गुरगुरतं तसं.
आणि तुटकं बोट न सांगता
जी-च्या तारेवर जाऊन बसलं,
जिथं ते सव्वीस वर्षं पोचलं नव्हतं.
गळा त्या बाजूला जरा सडपातळ होता,
गेज लावला असता तर मी नापास केला असता.

लाईट आली. आधी पंखा, मग अँपचा लाल डोळा.
मांडीवर चटणी.

खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटलं.
पुन्हा झेक घेतली, बोट ताणून पाहिलं,
स्वतःशी वकिली केली: सराव केला की येईल.
सुंदरच होती ती.
पण सुंदर माणसाशी बोलताना
आपण पोट आत ओढून धरतो ना,
तसं दीड तास चाललं होतं माझं,
आणि मला ते आत्ता कळलं, श्वास सोडल्यावर.

मिठारींनी चहा मागवला, तारांचा एक जोड फुकट दिला.
पेटी स्कूटरवर दोन पायांत उभी धरली,
गॅसची टाकी आणतात तशी.
दसरा चौकात सिग्नलला
शेजारचा दूधवाला वाकून म्हणाला,
काय ओ, बंदूक काय?
न्हाई, गिटार.
कितीला बसली?
शैलजाची ताकीद आठवली.
बोटं बघून देतात, म्हणालो,
आणि सिग्नल सुटला.